हळद लाल झाली म्हणून साबण विषारी ठरत नाही

लग्नसराई सुरू झाली की जळगाव-धुळ्याकडच्या घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: साबण किंवा भांडी घासण्याचे द्रव हळदीच्या पाण्यात टाकावे, पाणी लाल झाले तर त्यात विषारी रसायन आहे असे समजावे, टूथपेस्टच्या नळीच्या तळाशी हिरवी पट्टी असेल तर ती नैसर्गिक आणि काळी असेल तर निव्वळ रासायनिक, वनस्पतींपासून केलेल्या वस्तूंना तपासणीची गरज नसते, आणि बाजारातल्या द्रवांऐवजी लिंबाचा रस व ब्लिचिंग पावडर एकत्र करून संडास-न्हाणीघर धुवावे. संदेश पाठवणाऱ्या मावशी-काकूंना आपल्या लेकीसुनांची काळजी आहे, यात मला शंका नाही. परंतु यातले एकही विधान तपासात टिकत नाही आणि शेवटचे तर जिवावर बेतू शकते.

सर्वांत जास्त विश्वास हळदीच्या परीक्षेवर बसलेला दिसतो, कारण ती डोळ्यांना दिसते. हळदीतले कुर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळे राहते आणि अल्कधर्मी पदार्थ लागला की लाल होते. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून होणारा प्रत्येक खरा साबण, मग तो कारखान्यातला असो की बचत गटातल्या बायकांनी खोबरेल तेलापासून केलेला असो, अल्कधर्मीच असतो. त्यामुळे तो हळदीला लाल करणारच. हळदीच्या कार्यक्रमात साडीवर पडलेला डाग साबण लावताच तांबडा होतो आणि भरपूर पाण्याने खळबळला की पुन्हा पिवळा दिसू लागतो, हे आपल्याकडे कोणत्या घरात पाहिलेले नाही?

मी हा प्रयोग घरी तीन वाट्यांत करून पाहिला. तिन्हींत चिमूट चिमूट हळद कालवली. पहिल्या वाटीत घरगुती साबणाचा कीस टाकला, दुसरीत उडदाच्या पापडांसाठी आणलेला पापडखार आणि तिसरीत खाण्याच्या चुन्याची निवळी. तिन्ही वाट्यांत लाली उतरली. मग प्रत्येकीत लिंबू पिळत गेले, तसतसा रंग पिवळ्याकडे परतला. पापडखार आपण दर उन्हाळ्यात खातो आणि लिंबाच्या रसाने कोणतेही विष निघून जात नसते. इतकेच कशाला, जुन्या पद्धतीचे अस्सल कुंकू हळदीला चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाची जोड देऊनच लाल करतात. ज्या लालीला आपण कपाळावर मान देतो, तीच वाटीत दिसल्यावर विषाची खूण कशी मानायची?

या परीक्षेचा खरा धोका मात्र उलट्या बाजूने आहे. गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या काही बेकायदा क्रीममध्ये पाऱ्याची संयुगे आढळलेली आहेत. पारा त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. केरळातील मलप्पुरम भागातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी अशा क्रीमचा वापर आणि मूत्रपिंडाचा आजार यांचा संबंध रुग्णांमध्ये नोंदवला आहे. भारताच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांसाठीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत पारा जाणूनबुजून घालता येत नाही आणि नकळत राहिलेला अंशही दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पण असे क्रीम अल्कधर्मी नसेल तर हळदीच्या पाण्यात पिवळेच राहील आणि संदेशानुसार ‘सुरक्षित’ ठरेल. साधा साबण नापास आणि पारा पास, अशी ही परीक्षा आहे.

टूथपेस्टच्या पट्टीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ती खूण यंत्रासाठी असते. नळ्या भरून बंद करताना प्रकाश-संवेदक ती खूण ओळखतो आणि त्यावरून नळी योग्य दिशेला वळवून शेवट दाबला जातो. पार्श्वभूमीच्या रंगावर उठून दिसेल असा कोणताही रंग त्यासाठी चालतो. टूथपेस्टमध्ये पाहायचेच असेल तर फ्लोराइडचे प्रमाण पाहावे. ते नळीवर छापणे बंधनकारक आहे आणि त्याची मर्यादा दहा लाखांत 1000 भाग इतकी आहे.

वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, हा समज खान्देशात तरी टिकायला नको होता, कारण मिशरी आपल्या डोळ्यांसमोर आहे. तंबाखू ही वनस्पतीच आहे, ती भाजून हिरड्यांवर घासणाऱ्या कितीतरी आज्या आपण पाहिल्या, आणि धूररहित तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी घातली. काळ्या मेंदीचेही तसेच आहे. मेंदीच्या पानाचा रंग तांबूस-नारिंगी येतो. तासाभरात काळाभोर रंग देणाऱ्या मेंदीत बहुधा पॅराफिनिलिनडायअमिन हे केसांच्या कलपातले रसायन मिसळलेले असते आणि त्याने काहींच्या हाताला फोड येतात. कलप असो की उटणे, कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहणे, ही घरी करता येण्याजोगी आणि अर्थ असलेली परीक्षा आहे.

आता शेवटचा सल्ला, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. आपल्या भागात बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड आहे. साबणाचा फेस होण्याऐवजी पांढरट साका बसतो, फरशीवर क्षाराचे थर चढतात आणि ते काढायला घरोघरी अ‍ॅसिड वापरले जाते. दुसरीकडे, टाक्यांचे पाणी शुद्ध करण्यासाठी टीसीएल पावडर, म्हणजे ब्लिचिंग पावडरही घरात असते. ही पावडर किंवा द्रव ब्लीच कोणत्याही आम्लाला भेटले की क्लोरीन वायू सुटतो, मग ते आम्ल संडास धुण्याच्या द्रवातले हायड्रोक्लोरिक असो, व्हिनेगर असो की लिंबाचा रस. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो, आणि खिडकी नसलेल्या चार-बाय-चारच्या संडासात ओणवे होऊन घासणाऱ्या बाईच्या नाकातोंडाशीच तो असतो. डोळे चुरचुरले, घसा जळजळला किंवा खोकला थांबेना, तर त्यावर आणखी काही ओतत न बसता तत्काळ उघड्या हवेत यावे. श्वास लागत असेल तर 108 ला फोन करावा, कारण त्रास काही तासांनीही वाढू शकतो. एकाच दिवशी दोन्ही वस्तू वापरूच नयेत.

मग वस्तू तपासायची कशी? प्रसाधनाच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख आणि घटकांची यादी असली पाहिजे. परदेशी वस्तूवर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांकही हवा. आठवडे बाजारात परकी लिपीची डबी मिळाली आणि तिच्यावर आयातदाराचा उल्लेख नसेल, तर ती तिथेच ठेवावी. संडास-फरशीची द्रवे या नियमांत येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर घटकांची पूर्ण यादी असेलच असे नाही. तिथे कशात मिसळू नये हा इशारा वाचणे महत्त्वाचे. दारावर सुटे मिळणारे फिनाईल किंवा अ‍ॅसिड शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरून घेऊ नये, कारण तहानलेल्या लेकराला बाटली ओळखीची असते, आतले द्रव नसते. चुकून प्यायलेच, तर उलटी काढण्याचा प्रयत्न न करता, बाटलीसह दवाखाना गाठावा.

एखाद्या प्रसाधनाने त्रास झाला तर ते फेकून देऊ नये. डबी, वेष्टन आणि बिल जपून ठेवून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि बॅच क्रमांक त्यात जरूर लिहावा, कारण त्याच बॅचचा माल शोधून नमुना प्रयोगशाळेत पाठवण्यासाठी तो लागतो.