मादाम, तुमची फाईल अपुरी आहे

फ्रान्समधे इंग्लिश शिकवायला चाललेय म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर थेट आयफेल टॉवर उभा राहतो. लँग्वेज असिस्टंटला मात्र आकादेमी मिळते. आकादेमी म्हणजे तिकडच्या शिक्षणखात्याचा विभाग, तीत पॅरिस असू शकतं तसं शेवटची बस संध्याकाळी सातला सुटणारं गावही असू शकतं. मला काय मिळालं ते सांगायला नकोच.

काम कागदावर फार गोड आहे. 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल, आठवड्याला 12 तास. बारा! उरलेल्या वेळात आपण काय करणार याची मला निघताना काळजी वाटत होती, ती तिथल्या सरकारने पहिल्याच आठवड्यात मिटवली, उरलेल्या वेळात मी कागद गोळा करत होते.

पण आधी वर्ग. असिस्टंट म्हणजे शिक्षक नव्हे. ग्रामर, गृहपाठ, मार्क हे सगळं प्रोफकडे. आपल्याकडे अर्धा वर्ग पाठवतात आणि आपण त्यांना फक्त बोलतं करायचं. फक्त! माझ्याकडे लीसेची, म्हणजे पंधरा ते अठरा वयाची पोरं होती. (तिकडे इयत्ता उलट्या मोजतात, अकरा वर्षांचं पोर सहावीत आणि पंधराचं दुसरीत, त्यामुळे पहिले काही दिवस आपण नक्की कुणाला शिकवतोय याचा मला पत्ता नव्हता.) सुरुवातीला ट्रेनिंगमधे शिकवलं होतं की स्वतःबद्दल दोन खऱ्या गोष्टी आणि एक खोटी सांगा, खोटी कुठली ते मुलं ओळखतील आणि गप्पा सुरू होतील. मी सांगितल्या. पोरांनी तिन्ही खऱ्या मानल्या आणि गप्प बसली.

शांतता म्हणजे काय ते मला तिथे कळलं. मी क्लायमेट चेंजची स्लाइड लावायची, "व्हॉट डू यू थिंक?" विचारायचं, आणि पंधरा जण आपापल्या पेन्सिलबॉक्सकडे असं बघायचे जसं काही उत्तर तिथेच ठेवलंय. त्यांचाही दोष नाही म्हणा. मार्क वीसपैकी, आणि पेपर हातात येतो तो चुकांवरच्या लाल रेघांसकट, वर्षानुवर्षं हेच बघितलेलं पोर तोंड कशाला उघडेल, त्यातून मित्रांसमोर, त्यातून जिभेवर न बसणारे उच्चार घेऊन. मग मी काय करायचे, तर दोन सेकंद थांबून स्वतःच उत्तर द्यायचे, त्यावर स्वतःच "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणायचे आणि पुढची स्लाइड. तास संपला की माझं इंग्लिश सुधारलेलं असायचं, त्यांचं जिथल्या तिथे.

आणि इकडे कागद. खोली भाड्याने घ्यायची तर बँकेचा रीब हवा, म्हणजे खात्याच्या तपशिलाचा कागद. खातं उघडायचं तर पत्ता हवा. पत्ता हवा तर खोली हवी. यातून मार्ग निघतो कारण कुठेतरी एखाद्या सेक्रेटरी बाईंना दया येते, दुसरं कारण मला तरी सापडलं नाही. मग आरोग्य विम्याच्या नंबरसाठी जन्मदाखला, तोही आईवडिलांच्या नावांसकट, तोही शपथबद्ध ट्रान्सलेटरकडून फ्रेंच करून घेतलेला. आता आपली नावं. मधलं नाव वडिलांचं ही गोष्ट कॉम्प्युटरला समजावणार कोण? त्याने ते माझंच दुसरं नाव धरलं आणि एका ऑफिसकडून बाबांना पत्रं यायला लागली, "मादाम" म्हणून.

भाड्यासाठी सरकारी मदत मिळते, असिस्टंटला हातात येणाऱ्या आठशेच्या आसपासच्या युरोंमधे ती फार मोलाची असते, म्हणून मी सगळी फाईल भरून पाठवली. उत्तर आलं, फाईल अपुरी आहे. जो कागद नाही म्हणत होते तो मी पाठवला होता. परत पाठवला. परत अपुरी.

ते दुसरं पत्र आलं त्या दिवशी माझी कुठलीच स्लाइड तयार नव्हती आणि डोकं तर अजिबात ठिकाणावर नव्हतं. मी नाव-पत्ता झाकून ते पत्रच प्रोजेक्टरवर टाकलं आणि विचारलं, आता मी काय करू? इंग्लिशमधे सांगा, मला फ्रेंच येत नाही असं समजा.

आधी कुणीतरी हसलं. मग पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, यू कॉल. दुसरी म्हणाली, नो नो, नेव्हर कॉल, यू गो. आणि मग मागून एक हूडी घातलेला मुलगा, ज्याचा आवाज मी तोवर फक्त हजेरीला ऐकला होता, सरळ बसला आणि म्हणाला, "रजिस्टर्ड लेटर." आणि त्याने मला लेतर रकोमांदे आव्हेक आक्युझे द रेसेप्स्यों हा अख्खा प्रकार समजावला, पोस्टात काय मागायचं, पोचपावती परत कशी येते, ती का जपून ठेवायची. "ही साइन. आफ्टर, ही कॅनॉट से नो लेटर." "ही" नाही, "दे", असं शेजारच्याने सुधारलं आणि त्यावरून दोघांचं भांडण झालं, तेही बरंचसं इंग्लिशमधे! मी एक शब्द बोलले नाही. बोलायला जागाच नव्हती.

त्यानंतर क्लायमेट चेंजला मी सुट्टी दिली आणि माझ्या अडचणीच सिलॅबस झाल्या. हिवाळ्याच्या सुट्ट्या देशभर एकाच वेळी का नसतात? तर ए, बी, सी असे तीन झोन आहेत, सगळे एकदम स्कीइंगला गेले तर ट्रेन आणि डोंगर दोन्ही भरतील, लियों ए मधे, लील बी मधे, पॅरिस सी मधे, आणि सी वाल्यांचेच कसे लाड होतात यावर वर्गात जवळजवळ दंगल. खरंच माहीत नसलेलं विचारलं की पोरं बोलतात, आणि उत्तर येत असून येत नसल्याचं दाखवत विचारलं की त्यांना ते वासावरून कळतं, निदान माझं तरी कळायचं.

रजिस्टर्ड पत्र लागू पडलं. मदत जमा झाली, फक्त पहिल्या महिन्याची नव्हती. मी वर्गात तक्रार केली तर हूडीवाला म्हणाला, "फर्स्ट मंथ, नेव्हर. इट्स द लॉ." खरंच तसं आहे, राहायला गेलात त्या महिन्याचे मिळत नाहीत, पुढच्यापासून सुरू. पण पुढच्या बाकावरच्या मुलीला हा अन्याय सहन होईना. तिने उभं राहून, एकही फ्रेंच शब्द न वापरता, मी संपावर जावं असा ठराव मांडला. मतदान झालं, एकमताने पास. तारीखही त्यांनीच ठरवली, पुढचा गुरुवार, म्हणजे मी त्यांची ओरल परीक्षेची तयारी घेणार होते तो दिवस.