दोन दिवसांत कामावर? सगळ्यांना नाही

‘मूळव्याधीचं ऑपरेशन झालं की दोन दिवसांत माणूस कामावर’ हे तुमच्या मूळव्याधीवरच्या लेखातलं वाक्य कृपया बदला. मूळव्याधीचे कोंब (गुदद्वारापाशी सुजलेल्या रक्तवाहिन्यांच्या गाठी) कापून काढतात तेव्हा जखम बऱ्याचदा उघडीच ठेवतात. ती पूर्ण भरायला ४ ते ६ आठवडेही लागतात. माझ्या यजमानांनी पहिल्या शौचाच्या धास्तीने जेवणच तोडलं. त्यामुळे शौचाला खडा झाला आणि दुखणं दुप्पट झालं. डिस्चार्जच्या कागदावर याबद्दल एक ओळही नव्हती.

नीट जेवायचं, इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्यायचं, शौचानंतर १०-१५ मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसायचं, हे लेखात यायलाच हवं. आणि रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, असं धरून नुसतं मलम लावत बसू नका. विशेषतः चाळिशीनंतर आधी तपासून घ्या.