आपले लोक अडाणी आहेत, हे वाक्य आता पुरे

"आपल्या समाजाच्या हातात मोबाइल फार लवकर आला. तिकडच्या लोकांना वाचलेलं पारखून घ्यायची सवय आहे, आपल्याकडे ती यायला अजून दोन पिढ्या जातील. तोवर खरं काय नि खोटं काय, हे सरकारनेच ठरवून दिलेलं बरं." हे माझ्या थोरल्या मावसभावाचं मत. दादा सांगलीत कॉलेजात शिकवायचा, आता निवृत्त झालाय. मत त्याच्या एकट्याचं असतं तर मी गप्प राहिलो असतो. पण २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली आणि सरकारी कारभाराबद्दलचा कोणता ऑनलाइन मजकूर खोटा, हे ठरवायचं काम आपल्याच तथ्य-तपासणी कक्षाकडे द्यायचं ठरवलं, तेव्हापासून हे मत मी कितीतरी शिकलेल्या मराठी माणसांच्या तोंडून ऐकतोय. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत एकमत झालं नाही. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. दुरुस्ती गेली, पण तिच्यामागचा तुच्छतेचा सूर कुठेच गेला नाही.

दादाच्या बोलण्यातले "तिकडचे लोक" म्हणजे मी ज्यांच्यात राहतो ते. मी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात राहतो, मुलं इथेच शाळेत जातात, कर इथेच भरतो. तेव्हा या लोकांबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

२९ जुलै २०२४ ला इथल्याच साउथपोर्ट गावात नाचाच्या वर्गात तीन लहान मुलींचा चाकूने खून झाला. काही तासांतच हल्लेखोराचं म्हणून एक नाव फिरू लागलं. मुसलमानी वळणाचं नाव, आणि तो गेल्या वर्षी होडीतून आलेला निर्वासित असल्याची पुस्ती. नाव बनावट होतं. पकडलेला मुलगा कार्डिफमध्ये जन्मलेला होता. दुसऱ्याच संध्याकाळी साउथपोर्टच्या मशिदीवर विटा पडल्या, आणि त्या रविवारी रोदरहॅमजवळ निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलला आत माणसं असताना आग लावायचा प्रयत्न झाला. पुढे हजारावर माणसांना अटक झाली. ज्या देशात शाळा सक्तीची होऊन शतक उलटून गेलं, गावागावांत वाचनालयं आहेत आणि बीबीसी आहे, त्या देशातली ही माणसं. ती अडाणी आहेत असं इथे कुणी म्हटलं नाही. "समाज अजून प्रगल्भ नाही" असाही अग्रलेख माझ्या वाचण्यात आला नाही.

मी हे दादाला सांगितलं की तो राईनपाड्याचं नाव काढतो. दरवेळी. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथे आली होती, बहुतेक मंगळवेढ्याच्या भागातली. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या भागात आधीपासून फिरत होती. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मरेस्तोवर मारलं. हे भयंकर आहे, आणि परदेशात बसून मी ते पुसट करणार नाही. पण दादा यातून जो निष्कर्ष काढतो तो मला मान्य नाही. त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेला मूल पळवण्याचा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवला होता. मूळ चित्रफितीत दुचाकीवरून मूल उचलणारे शेवटी त्याला परत आणून सोडतात आणि मुलं जपा असा फलक दाखवतात. ते शेवटचे क्षण कापले की उरतो तो दिवसाढवळ्या झालेल्या अपहरणाचा पुरावा. असा कापलेला तुकडा पाहून साक्रीचा शेतकरी घाबरतो तसाच अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा विद्यार्थीही घाबरेल.

स्टॅनफर्डचं नाव मी उगाच घेतलं नाही. तिथे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी एक अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचेच पंचवीस विद्यार्थी त्यांनी संगणकासमोर बसवले आणि काही संकेतस्थळं दाखवून विचारलं, यावर विश्वास ठेवाल का? त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्था होत्या. एक अमेरिकेतली जुनी, हजारो सदस्य असलेली मुख्य संस्था. दुसरी तिच्यातून २००२ मध्ये फुटून निघालेला, राजकीय भूमिका घेणारा छोटा गट. दोघांची नावं सारखी, दोघांची पानं नीटनेटकी. पीएचडी झालेल्या इतिहासकारांपैकी अनेकांना फरक कळला नाही. ती मंडळी पानावरच थांबली. बोधचिन्ह पाहिलं, तळटीपा पाहिल्या, भाषा किती गंभीर आहे ते पाहिलं. तपासनीस मात्र काही सेकंदांत पानाबाहेर पडले, नव्या खिडक्या उघडल्या आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते शोधलं. आयुष्यभर कागदपत्रं तपासणाऱ्यांना जे जमलं नाही ते त्यांना जमलं, कारण त्यांनी मजकूर वाचण्याआधी मजकूर लिहिणारा कोण, हे पाहिलं.

दादाने तीस वर्षं मुलांना शिकवलं ते नेमकं उलटं. पान नीट वाच, भाषा पाहा, तर्क तपास. म्हणूनच सुंदर मराठीत, व्याकरणाची चूक नसलेला, संस्कृत वचन टाकलेला मजकूर आला की त्याला तो खरा वाटतो. शिवाय त्यावर "अमेरिकेतल्या एका नामांकित डॉक्टरांनी सांगितलेलं" असं असेल तर विचारायलाच नको. त्या डॉक्टरचं नाव काय, तो कुठल्या रुग्णालयात आहे, हे कुणी विचारत नाही. परदेश एवढा एकच शिक्का पुरतो. त्या शिक्क्यावर मी परदेशातूनच हरकत घेतो, तर माझं ऐकलं जात नाही.

आणि नामांकित डॉक्टरचंच म्हणाल, तर अँड्र्यू वेकफिल्ड इथलाच. १९९८ मध्ये 'लॅन्सेट'सारख्या मातब्बर नियतकालिकात बारा मुलांवरचा त्याचा निबंध छापून आला आणि गोवराची लस व स्वमग्नता यांचा संबंध असल्याची भीती त्यातून पसरली. निबंध मागे घ्यायला २०१० साल उजाडलं. त्याच वर्षी त्याचा वैद्यकीय परवानाही गेला. पण भीती मागे घेता येत नाही. २०२३च्या अखेरीस बर्मिंगहॅमकडे गोवराची साथ आली तेव्हा आमच्या शाळेतूनही लसीची आठवण करणारं पत्र आलं होतं. फाटकाशी उभ्या आया अजूनही त्या लसीबद्दल दबक्या आवाजात बोलतात. त्यात वकील आहेत, शिक्षिका आहेत.

तरी एक गोष्ट इथली मला मनापासून आवडते आणि ती सांगताना मला संकोच नाही. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, संकेतस्थळावर आजाराच्या माहितीखाली ते पान शेवटचं कधी तपासलं आणि पुन्हा कधी तपासणार, या तारखा असतात. मुलाला ताप आला की मी आधी ती तारीख बघतो. मराठीत मधुमेहावर शोधावं तर पानामागून पान निघतं. लिहिणारा कोण, ते कधी लिहिलं, काहीच नाही. एकाचं वाक्य दुसऱ्याने उचललेलं, दुसऱ्याचं तिसऱ्याने, आणि तिन्हीकडे तेच आहे म्हणून वाचणाऱ्याला ते पक्कं वाटतं. मराठीला हे परकं आहे असं मात्र नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला उभा केलेला मराठी विश्वकोश आता ऑनलाइन कुणालाही फुकट वाचता येतो. त्यातल्या नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं, खाली संदर्भ असतात. नाव घालून, जबाबदारी घेऊन लिहायची शिस्त आपल्याच घरात पडून आहे, आणि दादासारखी माणसं ती सोडून सरकारी शिक्का मागतात.

शिक्का मागण्यातली अडचण मला लेस्टरने दाखवली. २८ ऑगस्ट २०२२ ला दुबईत भारत-पाकिस्तान सामना झाला आणि त्यानंतर तीन आठवडे या शहरात हिंदू आणि मुसलमान तरुणांचे जमाव रस्त्यावर येत राहिले. सप्टेंबरच्या मध्यावर एक मजकूर पसरला. तीन भारतीय पुरुषांनी एका मुसलमान मुलीला पळवून न्यायचा प्रयत्न केला, असा. म्हणजे राईनपाड्याला जी भीती होती तीच, फक्त इंग्रजीत. पोलिसांनी चौकशी करून असं काही घडलंच नाही असं जाहीर केलं, तरी तो फिरत राहिला. त्याच दिवसांत लंडनहून बस भरून माणसं आणल्याची बातमीही पसरली, बसचा फोटोही सोबत होता. ती बस लेस्टरला आलीच नव्हती, मालकाने तसं सांगितलं. नंतर बीबीसीने तपासलं तेव्हा या गोंधळाबद्दल लिहिणाऱ्यांत मोठा वाटा भारतातल्या खात्यांचा निघाला.

मी तेव्हा इथेच होतो. बेलग्रेव्ह रोडवर आमची किराण्याची खरेदी असते, ग्रीन लेन रोड तिथून फार लांब नाही. सांगलीहून व्हिडिओसकट निरोप येत होते, तुमच्याकडे मंदिरं जळतायत. मी लिहिलं, एका मंदिराबाहेरचा झेंडा उतरवला गेला हे खरं, ते वाईटच झालं, पण मंदिरं जळत नाहीयेत, मी काल तिथूनच चालत आलो. दादाचं उत्तर आलं, "तुला तिथे बसून काय कळतं? तिकडची माध्यमं सगळं दाबतात." व्हिडिओ कुणी काढला, कधीचा, कुठल्या शहरातला, याचा पत्ता नव्हता. नाव, गाव, नातं सगळं माहीत असलेला साक्षीदार मी होतो, आणि त्या व्हिडिओपुढे मी हरलो. याचा राग माझ्यात अजून आहे, आणि या लेखातला बराचसा जोर त्यातूनच येतोय.

त्या रागाखाली आणखी काही आहे, तेही सांगायला हवं. पोलिसांचं निवेदन आलं तेव्हा मी त्यावर तत्क्षणी विश्वास ठेवला. मी काहीच तपासलं नव्हतं. आरोप ज्यांच्यावर होता ते माझ्यासारखे दिसणारे होते, आणि मला ते निर्दोषच हवे होते. निवेदन उलट आलं असतं तर मी त्यात पळवाटा शोधल्या असत्या, एवढं मी स्वतःला ओळखतो. माहिती पारखताना माणूस आधी आपली बाजू पारखतो. लेस्टरला माझी बाजू कोणती हे त्या तीन आठवड्यांत मला नकळत कळलं. ऑफिसात मी तटस्थ शहरवासी म्हणून बोलत होतो आणि घरी आल्यावर आपल्या पोरांची नावं कुठे येत नाहीत ना, हे शोधत होतो.

सांगलीच्या बाबतीत तर मी पूर्णपणे दुसऱ्यांच्या डोळ्यांवर अवलंबून आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं घर गावभागात, आई-बाबा वरच्या मजल्यावर, फोन लागेना. मोबाइलवर धडाधड फोटो येत होते, त्यात २००५ च्या पुराचेही होते, आणि धरण फुटल्याच्या अफवा होत्या. शिकल्या-सवरल्या नातलगांनी पाठवलेल्यातलं निम्मं मला वापरता येण्यासारखं नव्हतं. भरवशाचं होतं ते शाळेतल्या एका मित्राने पाठवलेलं. त्याचं गॅरेज आहे, दहावीनंतर तो शिकला नाही. तो मला रोज पाटबंधारे खात्याची पातळी वेळेसकट पाठवायचा, आणि जिथे स्वतः जाऊन आला तेवढंच लिहायचा. "मारुती चौकापर्यंत गेलो. पुढं जाऊ देत नाहीत. तुझ्या घराकडचं मला माहीत नाही." माहीत नाही हे त्याने लिहिलं म्हणून बाकीचं मी खरं मानू शकलो.

साउथपोर्टनंतर, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, पुढचे मोर्चे कुठे निघणार त्या ठिकाणांची एक यादी फिरली. इथली दुकानं दुपारीच बंद झाली, आम्हाला ऑफिसने लवकर घरी सोडलं. यादीतल्या बहुतेक ठिकाणी काहीच झालं नाही. त्या दिवशी दादाने मला इंग्लंडच्या लोकसंख्येवरचा एक लांबलचक लेख पाठवला. मित्राने विचारलं, "तुमच्या गल्लीत काय हाय?"

व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, ती वर्षभराच्या आत जगभर लागू झाली. म्हणजे कंपनीलाही हे दुखणं एकट्या भारताचं वाटलं नाही. दादाला मात्र ते तसंच वाटतं, आणि त्यात त्याची एक सोय आहे. अडाणी म्हटलं की आपण त्यातून आपोआप बाहेर पडतो. मला तसं बाहेर पडता येत नाही. मी सांगलीत नाही, आणि सांगलीचं मला जे काही कळतं ते तिथल्या माणसांकडूनच कळतं. ज्यांना तो दोन पिढ्या थांबायला सांगतोय, त्यांच्यातल्या एकाच्या शब्दावर मी माझ्या आई-बाबांबद्दल धीर धरला होता.