कलम १७ आणि अक्कांचा चष्मा

परवा जेवताना भाऊजींनी मोबाइलवरून मान वर केली आणि म्हणाले, "वहिनी, आता म्हणे परराष्ट्र धोरणपण स्त्रीवादी निघालंय. म्हणजे काय करायचं, सीमेवर हळदीकुंकू?" सगळे हसले. मीही हसले, विनोद बरा होता. उत्तर मात्र भांडी विसळताना सुचलं, नेहमीसारखं. ते इथं लिहिते. भाऊजी, तुम्ही माझ्या पोस्ट वाचत नाही म्हणता आणि अंगठा मात्र पहिला तुमचाच असतो, तेव्हा वाचालच.

तर हे खूळ माझं नाही. २०१४ मध्ये स्वीडनच्या परराष्ट्रमंत्री मार्गोट वॉलस्ट्रोम यांनी आमचं परराष्ट्र धोरण स्त्रीवादी असेल असं जाहीर केलं. हक्क, प्रतिनिधित्व आणि पैसाअडका, या तीन गोष्टींत बाई कुठं आहे ते प्रत्येक निर्णयात तपासायचं, एवढंच त्याचं सूत्र. मग फ्रान्सनं ते घेतलं, २०२० मध्ये मेक्सिकोनं, पुढं स्पेन, जर्मनी, चिली.

आता तुम्ही म्हणणार, आपल्याकडं सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री होत्याच की. होत्या, आणि परदेशात अडकलेल्या माणसाला ट्विटरवर त्यांचं उत्तर यायचं, तेही मला आठवतं. पण खुर्चीत बाई बसली म्हणून त्या खात्याचे नियम आपोआप बदलत नाहीत. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये आपल्या परराष्ट्र सेवेत आल्या, त्या सेवेतली ही पहिली बाई. तेव्हा नियम असा होता की बाई अधिकाऱ्यानं लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि लग्नानंतर संसार कामाच्या आड येतोय असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्यायचा. पुरुषाचा संसार कामाच्या आड येत नसतो, हे तर आपल्या घरीही सिद्ध झालेलंच आहे. मुथम्मा सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालपत्रात सरकारचे चांगलेच कान उपटले. १९७९! तोवर आपल्याकडं एक बाई पंतप्रधान होऊन एकदा हरलीसुद्धा होती.

स्वीडनची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. २०१५ मध्ये वॉलस्ट्रोमबाई सौदी अरेबियातल्या फटक्यांच्या शिक्षेवर बोलल्या, बायकांच्या हक्कांवर बोलल्या. सौदीनं राजदूत परत बोलावला. स्वीडननं सौदीबरोबरच्या लष्करी सहकार्याच्या कराराचं नूतनीकरण केलं नाही, आणि त्यांचेच बडे उद्योगपती करार मोडू नका म्हणून जाहीर पत्र लिहायला पुढं आले. त्या बाईंचं मला कौतुक आहे. पण जगाला शस्त्रं विकणं त्या देशानं काही थांबवलं नाही. आणि २०२२ मध्ये सरकार बदललं तसं नव्यांनी ते 'स्त्रीवादी' विशेषण काढूनच टाकलं. एका सरकारनं लावलेली पाटी दुसऱ्यानं उतरवली. पाटीवर माझा जीव नाही.

माझा जीव आहे तो तंबाखूवरच्या एका आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम १७ वर. हे सोलापूरच्या बाहेर कुणाला फारसं सांगता येणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं. शेजारी अक्का. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि मांडीवर कायम बिड्यांचं सूप. पहाटे पानं भिजत घालायची, दुपारी कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा, संध्याकाळी कारखान्यात नेऊन द्यायची. मोजणारा माणूस त्यातल्या मूठभर 'छाट' म्हणून बाजूला काढणार. त्याचे पैसे नाहीत, आणि त्या बिड्या परतही मिळत नाहीत. आमच्या गल्लीत दर दोन घराआड हेच. आम्हा पोरांना तंबाखूच्या वासाचं काही वाटायचं नाही. अक्कांचा खोकला हा आमच्यासाठी घड्याळासारखा होता, पहाटे पाचला सुरू.

आता परराष्ट्र धोरण बघा. २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. २००४ च्या फेब्रुवारीत भारतानं त्याला मान्यता दिली, २००५ मध्ये तो लागू झाला. पाकिटावरची ती भयंकर चित्रं, सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी, जाहिरातबंदी, कर वाढवण्याचा आग्रह, हे सगळं त्या करारात बसतं. चांगलाच करार आहे. माझे मामा तोंडाच्या कॅन्सरनं गेले, तंबाखूची बाजू मी मेले तरी घेणार नाही.

पण त्याच करारात सतरावं कलम आहे. तंबाखूवर पोट असलेल्या कामगारांना, शेतकऱ्यांना, विक्रेत्यांना परवडणारा दुसरा रोजगार मिळावा यासाठी देशांनी प्रयत्न करावेत. पुढं एक शब्द: 'यथायोग्य'. सरकारी कागदात हा शब्द दिसला की समजायचं, हे काम कुणाच्याच अंगावर पडणार नाही. चित्रं किती मोठी हवीत ते मात्र आपण टक्क्यांत ठरवलं, १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग. चित्राला टक्का आहे, तारीख आहे. अक्कांच्या दुसऱ्या रोजगाराला यथायोग्य.

या कराराच्या सदस्य देशांची सातवी परिषद भारतातच झाली, ग्रेटर नोएडाला, ७ ते १२ नोव्हेंबर २०१६. त्या तारखा नीट वाचा. ८ तारखेला रात्री नोटबंदी जाहीर झाली. तिकडं जगभरचे प्रतिनिधी तंबाखूच्या भवितव्यावर बोलत होते, इकडं बिडीवाल्या बायकांच्या हातातली आठवड्याची मजुरी एका रात्रीत कागद झाली होती. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, मान्य. पण त्या आठवड्यात अक्कांच्या बाबतीत दोन मोठ्या खोल्यांत निर्णय होत होते आणि त्यातल्या एकाही खोलीत अक्का नव्हत्या.

भाऊजी, मला कळलेलं स्त्रीवादी परराष्ट्र धोरण एवढंच आहे. करारावर सही करायच्या आधी हजार बिड्या वळणाऱ्या बाईला टेबलाशी बसवायचं आणि विचारायचं, यानं तुझं काय होईल?

आमच्या सोलापूरच्या टॉवेलचंही तेच. २७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेनं आपल्या मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्या दिवसांत मी वाचलेल्या बातम्यांत निर्यातदार होते, कंटेनर होते, डॉलर होता. टॉवेलच्या कडा शिवणारी, घड्या घालणारी बाई एका ओळीतही नव्हती, आणि ऑर्डर थांबली की पहिली घरी तीच बसते.

आपल्या गावाला परराष्ट्र धोरणाचा अभिमान आहेच, डॉ. कोटणीस. १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, १९४२ मध्ये तिथंच वारले, वय अवघं ३२. शाळेत निबंध लिहून पाठ झालंय. त्यांच्या बायकोचं नाव विचारून बघा कुणालाही. क्वो छिंगलान. परिचारिका होत्या. नवरा गेला तेव्हा पोर काही महिन्यांचं, त्याच्या नावात भारत आणि चीन दोन्ही ओवलेले: इन्हुआ. तो मुलगाही पंचविशीच्या आत गेला. तरी ही बाई भारतात येत राहिली आणि २०१२ मध्ये वारेपर्यंत दोन देशांमधला तो धागा धरून राहिली. तेही परराष्ट्र धोरणच होतं, फक्त त्याला पगार नव्हता.

असो. अक्का आता सोलापूरजवळ कुंभारीला राहतात, बिडी कामगार बायकांच्या गोदूताई वसाहतीत. रविवारी गेले होते. सूप अजून मांडीवरच आहे, फक्त बिड्या कमी आणि छाट जास्त, कारण अक्कांना आता नीट दिसत नाही. मी उत्साहानं त्यांना कलम १७ समजावून सांगितलं. करार, सह्या, दुसरा रोजगार, सगळं. त्यांनी हात न थांबवता ऐकून घेतलं.

"काय सांगालीस," म्हणाल्या. "सही होऊन किती वर्षं झाली म्हणालीस?"

"वीसच्या वर."

त्यांनी एका बिडीचं तोंड दुमडलं, डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि छाटीत टाकली. "मग एवढं सांग की. पोरगा नवीन चष्मा करू म्हणतोय. ते दुसरं काम येणार असंल तर राहू दे म्हणते त्याला. नाहीतर उद्याच जाते नंबर काढायला."

मी म्हटलं, अक्का, काढून घ्या नंबर.