‘नऊ दिवस लावले’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार.

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, "पीएस फोरला चित्र येत नव्हतं म्हणून दिला. नऊ दिवस लावले, 2,900 घेतले, घरी नेला तर पुन्हा काळी स्क्रीन. फोन केला तर काका खेकसले." खेकसलो, हे खरं आहे. रात्रीचे पावणेदहा वाजले होते, जेवायला बसलो होतो, तरी "केबल बदला" एवढंच बोलून फोन ठेवायला नको होता. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण नऊ दिवस?

बुधवार पेठेत 21 वर्षं याच टेबलावर बसतोय. तुमचा आकडा वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून जॉबकार्ड समोर घेऊन लिहितोय.

बुधवार, 3 सप्टेंबर. तुम्ही आलात रात्री सव्वाआठला, आमचं शटर पडतं साडेआठला. हा दिवस कुणाच्या नावावर लिहायचा ते तुम्हीच सांगा. गुरुवारी सकाळी पहिला तुमचाच गेमचा सेट लावला. पांढरी लाइट लागते, पंखा फिरतो, टीव्हीवर मात्र ‘नो सिग्नल’. बंद सेटचं पॉवर बटण दाबून धरलं की सात-एक सेकंदांनी दुसरी बीप वाजते आणि सेफ मोड येतो. तिथे सेट कमी रिझोल्यूशनवर चित्र पाठवतो, त्यामुळे नुसता सेटिंगचा घोळ असला तर तिथे काहीतरी दिसतंच. तुमच्याकडे तिथेही काळंच. मायक्रोस्कोपखाली एचडीएमआय पोर्ट, म्हणजे टीव्हीची केबल लागते ते भोक, पाहिला तर आतली पट्टी एका बाजूला चिरलेली आणि दोन पिना एकमेकींवर चढलेल्या. केबल तिरकी घुसवली की असं होतं. फोटो काढून खर्चाच्या अंदाजासकट दुपारी 12:40 ला तुम्हाला पाठवला. तीन फोन केले. उचलला नाहीत. होकाराशिवाय मी कुणाच्या बोर्डाला हॉट एअर, म्हणजे डाग वितळवायची गरम हवा, लावत नाही, एकदा लावून चांगलाच पस्तावलोय.

होकार आला रविवारी रात्री 11:06 ला. "ओके काका करा."

शनिवारी अनंत चतुर्दशी होती. आमच्याकडच्या विसर्जनाच्या दिवशी बुधवार पेठेत स्कूटरसुद्धा शिरत नाही, आणि मिरवणूक रविवारीही चालूच होती. शुक्रवारी होकार आला असता तरी ते दोन दिवस काम झालं नसतं, हे कबूल करतो. पण मग ते बाप्पाच्या खात्यात घाला, माझ्या कशाला?

सोमवारी पोर्ट बदलला. 19 पिना, दोन पिनांत अर्धा मिलिमीटर. पोर्टचे पाय बोर्डात आरपार गेलेले असतात आणि आतलं तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं, म्हणून बोर्ड खालून आधी तापवावा लागतो. घाईने ओढला तर पोर्टाबरोबर बोर्डावरची तांब्याची रेघही हातात येते. नवा पोर्ट बसला, तरी चित्र नाही. मीटर डायोड मोडवर लावून एकेक लाइन तपासली, दोन लाइनींचं रीडिंग बाकीच्यांशी जुळेना. म्हणजे पोर्टामागचा एचडीएमआयचा आयसीही, टीव्हीला चित्र पाठवणारी चिप, गेलेला. तो मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून मागवला. मंगळवार त्याची वाट बघण्यात गेला, बुधवारी दुपारी पार्सल आलं, संध्याकाळी आयसी बसवला. गुरुवारी सेट चार तास चालवून पाहिला आणि पाच वाजता ‘तयार आहे’ असा मेसेज टाकला. तुम्ही आलात शुक्रवारी साडेसातला.

आता मोजा. गुरुवार, सोमवार, बुधवार, गुरुवार. चार. मंगळवारही माझ्याच माथी मारा. पाच.

पैशांचं फार बोलत नाही. 2,900 मध्ये पोर्ट, आयसी आणि दोन्हीची मजुरी, चेकिंगचे 300 त्यातच वळते केले. यूट्यूबवर नुसता पोर्ट स्वस्त दिसतो, दिसू दे.

राहिली घरची काळी स्क्रीन. काउंटरवर आमच्या केबलने सेट चालवून दाखवला, तुम्ही उभ्या उभ्या फुटबॉलचा एक गोलही मारलात. तुमच्या केबलच्या टोकाचं पत्र्याचं तोंड फाकलेलं होतं, ती नवीन पोर्टात घालू नका असं तेव्हाच सांगितलं होतं. घरी तीच घातलीत. दुसऱ्या दिवशी नवी केबल आणल्यावर तुमचा मेसेज आला, "आलं", पुढे अंगठा. ते ‘आलं’ रिव्ह्यूत कुठे दिसलं नाही.

मी हे भांडायला लिहीत नाही. पण या आठवड्यात दोघांनी दुकानात येऊन विचारलं, "तुमच्याकडे नऊ दिवस लागतात ना?" एक तर सेट पिशवीतून न काढताच गेला. आमचं सगळं याच टेबलावर चालतं.

यापुढे काम कुठवर आलंय ते गिऱ्हाइकाला वेळोवेळी कळवायचा प्रयत्न करू, मुलाला तसं सांगितलंय. रात्री फोनही तोच घेईल. तारा एकच ठेवलात तरी चालेल, पण त्या नऊचे पाच करता आले तर बघा.

आणि सेफ मोडसाठी कंट्रोलर जोडायला घेतलेली तुमची यूएसबी केबल इथेच राहिलीय. पिशवीत घालून नाव लिहून ठेवलीय. साडेआठच्या आत कधीही या.