सीलबंद पिशवी आणि नातेवाइकांवरचा ठपका

सांगली-मिरजेकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. शिरेतून पोषण देण्याची, म्हणजे टीपीएनची, पिशवी सीलबंद असल्याने तिच्यात जंतू असणे अशक्य. असलेच तर द्रव गढूळ दिसेल. रुग्णाला ताप येतो तो भेटायला येणाऱ्यांमुळे. आणि अँटिबायोटिक चालू असताना काळजीचे कारण नाही, असे त्यात म्हटले आहे.

सीलचा भरवसा १९७०-७१ मध्येच खोटा ठरला. अमेरिकेत एका कारखान्यातून आलेल्या सलाईनच्या बाटल्यांच्या झाकणांतील अस्तरात जंतू आढळले आणि अनेक रुग्णालयांतील रुग्णांच्या रक्तात संसर्ग झाला. टीपीएनच्या बाबतीत तर सील शेवटपर्यंत टिकतही नाही, कारण अमिनो आम्ले, ग्लुकोज, क्षार आणि जीवनसत्त्वे कोणाला तरी एकत्र करावीच लागतात. २०११ मध्ये अलाबामातील सहा रुग्णालयांत १९ रुग्णांना सेराशिया मार्सेसेन्स या जंतूचा संसर्ग झाला आणि त्यांतील नऊ जण दगावले. तेव्हा हा जंतू मिश्रण बनवणाऱ्या औषधशाळेच्या नळात आणि ढवळण्याच्या भांड्यात सापडला, रुग्णांच्या खोल्यांत नव्हे.

गढूळपणाचा निकष त्याहून फसवा आहे. एका मिलिलिटरमध्ये दहा लाख जंतू असले तरी द्रव नितळ दिसू शकतो. शिवाय स्निग्ध घटक मिसळलेली पिशवी मुळातच दुधासारखी पांढरी असते, तिच्यात गढूळपणा शोधायचा तरी कसा? स्निग्ध द्रवात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणूनच अशी पिशवी २४ तासांपेक्षा जास्त वेळ लावून ठेवत नाहीत आणि तिची नळीही तेवढ्याच वेळात बदलतात.

नातेवाइकांविषयीच्या विधानात तथ्य असलेच तर एवढेच, की असा संसर्ग बहुतेकदा पिशवीतून नव्हे, तर सेंट्रल लाईनच्या, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या, तोंडातून आणि हातांतून शिरतो. मात्र ती लाईन हाताळणारे हात कर्मचाऱ्यांचे असतात, डबा घेऊन आलेल्या मावशींचे नव्हेत.

अँटिबायोटिकबद्दल थोडक्यात सांगायचे, तर दूषित द्रव थेंबाथेंबाने रक्तात जात असताना औषध एकट्याने पुरे पडत नाही. पिशवी लावल्यावर हुडहुडी भरून ताप आला, तर सिस्टरांना लगेच सांगावे; नळी स्वतः काढू नये. डॉक्टर पिशवी थांबवतील आणि ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का हे पाहणारी तपासणी, पाठवतील. उतरवलेली पिशवी नळीसकट जपून ठेवण्याची विनंतीही करावी, कारण तपासणीला लागणारा द्रव आणि बॅच नंबर तिच्यावरच मिळतो.