‘कालची शिळी बिअर’ या एक स्टार रिव्ह्यूला स्वतः बिअर बनवणाऱ्या पबच्या मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

शनिवारी तुमची संध्याकाळ खराब गेली, त्याबद्दल दिलगीर आहोत. आमच्या वेटरने “ती अशीच असते सर” एवढं बोलून विषय मिटवायला नको होता. त्याला समज दिली आहे.

आता बाकीचं. म्युझिक मोठं होतं, मान्य. पार्किंग मिळालं नाही, तेही मान्य, ते पुण्यात आम्हालाही मिळत नाही. पण आमच्या बेल्जियन विटबद्दल, म्हणजे गव्हाच्या बिअरबद्दल, तुम्ही लिहिलंत, “गढूळ, कोमट, साबणाचा वास मारणारी कालची शिळी बिअर 395 रुपयांना गळ्यात मारली.” हे वाचून या आठवड्यात बुकिंगवाल्यांचे फोन आले, “बिअर ताजी असते ना?” म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विटमध्ये जवळजवळ निम्मा गहू असतो, तोही मोड न आणलेला, कच्चा. बाकी बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि आमच्याकडे थोडे ओट्स. गव्हातलं प्रोटीन आणि तरंगत राहिलेलं यीस्ट यामुळे ती धुरकट दिसते आणि तशीच दिसायला हवी. आम्ही मुद्दाम फिल्टर करत नाही. ताक घुसळून देतात, वरची निवळी काढून देत नाहीत, तसंच आहे हे. “मी होगार्डन प्यायलोय, मला शिकवू नका” असंही तुम्ही लिहिलंय. शिकवत नाही सर. पण तो ब्रँड ज्या बेल्जियममधल्या गावाच्या नावाचा, त्याच होगार्डन गावातली या बिअरची शेवटची ब्रुअरी 1957 मध्ये बंद पडली आणि 1966 मध्ये पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने ती पुन्हा बनवायला घेतली, तेव्हाही ती धुरकटच होती. बाटलीतली विट ओततानासुद्धा शेवटचा भाग हलवून, तळाचं यीस्ट सोडवून मग ग्लासात घेतात.

साबणाचं म्हणाल तर तो वास बहुधा धण्याचा. उकळी संपत आली की आमचा ब्रुअर धणे अर्धवट कुटून टाकतो, सोबत कडू संत्र्याची वाळलेली साल. कुटलेले धणे तळहातावर घेऊन हुंगलेत तर फुलासारखा, लिंबाकडे झुकणारा वास येईल. काहींना तो नाही आवडत, त्यावर वाद नाही. पण ग्लास नीट धुतला नव्हता, ही शंका नको होती घ्यायला. ग्लासात साबण राहिला असता तर फेस टिकलाच नसता. तुमच्याच पहिल्या फोटोत दोन बोटं फेस उभा आहे.

आणि ही बिअर ठेवून मुरवायची नाहीच. जुनी झाली की आधी वास जातो. म्हणजे ती शिळी असती, तर ज्या वासाची तुमची तक्रार आहे तोच आला नसता.

राहिला कोमटपणा. माझा जीव खरा इथे अडकलाय. ग्लास तुमच्या टेबलावर 8 वाजून 10 मिनिटांनी गेला, तुम्ही मागवलेल्या लिंबाची ऑर्डर स्लिप 8:52 ची आहे. सीसीटीव्ही काढून बघितलेला नाही, तुमचा दुसरा फोटो पुरेसा आहे: फेस गेलेला, लिंबाची चकती तरंगतेय, ग्लास अजून निम्म्याहून जास्त भरलेला, शेजारी चिकन लॉलीपॉप. आमची विट टँकमधून पाच-सहा डिग्रीला येते. एप्रिलमधल्या गच्चीवर बेचाळीस मिनिटांत कुठलीही बिअर कोमट होणार. त्यात लॉलीपॉपचं तेल ओठांवरून ग्लासात गेलं की फेस बसतो, लिंबू पिळलं की उरलेलाही जातो. तुम्ही फोनवर महत्त्वाचं बोलत होतात, म्हणून मुलं मध्ये आली नाहीत. “बदलून दे” म्हणाला असतात तर दिली असती. तुम्ही दुसरा ग्लास मागवलात, आणि तो संपवलातही.

विट आली की लगेच फेसातूनच वास घ्यावा, मग पहिले चार-पाच घोट. गव्हाचा हलकासा आंबटपणा जिभेच्या कडेला लागतो, कडवटपणा जवळजवळ नसतोच. ग्लासचा गारठा किंचित कमी झाला की संत्र्याच्या सालीमागून धणे वर येतात. तो मधला टप्पा मला स्वतःला सगळ्यात आवडतो. तुमचा तेव्हा फोन चालू होता.

किमतीचं एवढंच की त्यात लायसन्स, एक्साइज, व्हॅट सगळं येतं. घरी नेण्यासारखं फार काही उरत नाही.

मेन्यूवर या बिअरबद्दल दोन ओळी टाकायचं बघतो. आधी छोट्या ग्लासात चव देण्याची पद्धत आहेच, मुलांनी ती न मागता द्यावी असं सांगेन. म्युझिकचंही काहीतरी करू. पुन्हा आलात तर काउंटरवर मला हाक मारा, पहिला ग्लास आमच्याकडून. फक्त आला की प्या, ही विनंती.

ता. क. लिंबाचे पैसे बिलात लावलेले नव्हते.